फेरारी २७५ जीटीबी/४, चासी क्रमांक १०६२१: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅकक्वीन याची फेरारी म्हणून ही गाडी ओळखली जाते. तिचा रंग बदलला, पुढे टप कापला गेला आणि तीसेक वर्षांनी तो पुन्हा चढवला गेला. जुन्या गाड्यांचा नाद असलेली मंडळी भेटली की तिचा विषय निघतोच, आणि प्रश्नही बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

ही नेमकी कोणती गाडी?

साल १९६७. आराखडा पिनिनफारिना या इटालियन डिझाइन संस्थेचा, पत्रा ठोकला मोदेनामधल्या सेर्जो स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात, इंजिन आणि बाकीचं यंत्रकाम मारानेल्लोचं, म्हणजे फेरारीच्या स्वतःच्या कारखान्याचं. नावातला २७५ हा आकडा एका सिलिंडरची क्षमता सांगतो. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७७ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ५८.८, हिशेब केला तर २७४ सीसीच्या जवळपास भरते, बोलताना २७५. असे बारा सिलिंडर मिळून ३,२८६ सीसी. जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी. बी म्हणजे बेर्लिनेत्ता, बंद टपाची दोन दारांची. शेवटचा ४ हा चार कॅमशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांचा.

हे मॉडेल ऑक्टोबर १९६६मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि १९६८पर्यंत सुमारे ३३० गाड्या निघाल्या. ताकद ३०० अश्वशक्ती, तीही ८,००० आरपीएमला. लांब नाक, आखूड शेपूट आणि बॉनेटच्या मधोमध एक हलका उंचवटा. तो उंचवटा दिसला की समजावं, आत चार कॅमचं इंजिन आहे.

गाडीला नावाऐवजी क्रमांकानं का ओळखतात?

कारण या गाडीचं बाकी सगळं बदललं आहे किंवा बदलता येण्यासारखं आहे. रंग, चाकं, गाद्या, अगदी टपसुद्धा. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिन-गिअरबॉक्सवरचे क्रमांक मात्र कारखान्याच्या दप्तरात १९६७पासून नोंदलेले आहेत. आपल्याकडे आरसी बुकावरचा चासी नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवतात, तोच प्रकार. फरक एवढाच की तिथे त्या चार-पाच आकड्यांवर कोट्यवधी डॉलर ठरतात.

१०६२१चं भाग्य हे, की इतक्या उलथापालथीत चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स या तिन्ही गोष्टी एकमेकांपासून तुटल्या नाहीत. पुढे जे काही झालं ते यामुळेच शक्य झालं.

मॅकक्वीननं ही गाडी का घेतली?

त्याच्याकडे आधी याच घराण्यातली एक उघडी गाडी होती. अमेरिकेत फेरारी विकणारे लुईजी किनेत्ती यांनी स्वतःच्या शर्यत संघाच्या नावानं २७५ जीटीबी/४ची उघडी आवृत्ती करून घेतली होती. संघाचं नाव नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम, त्याची आद्याक्षरं नार्ट, म्हणून त्या गाड्या झाल्या नार्ट स्पायडर. अशा फक्त १० गाड्या स्कालिएत्तींच्या कारखान्यात तयार झाल्या. किनेत्ती हे काही नुसते दुकानदार नव्हते. १९३२, १९३४ आणि १९४९ अशी तीन वेळा ल मॉची २४ तासांची शर्यत जिंकलेला हा माणूस. त्या १० गाड्यांतली पहिली १९६७मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत उतरली. ती दोन स्त्रियांनी चालवली, डेनिस मॅकक्लगेज आणि पिंकी रोलो, आणि एकूण क्रमवारीत सतरावी आणली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या गाड्यांच्या गोष्टीत ही दोन नावं नेहमी गळतात.

त्या दहांतलीच एक मॅकक्वीननं घेतली. पण थोड्याच दिवसांत मागून येणाऱ्या वाहनानं तिला धडक दिली. त्यानंतर त्यानं बंद टपाची १०६२१ मागवली. पुढे या गाडीच्या नशिबी काय आलं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा: उघडी गेल्यावर त्यानं ही बंद घेतली होती.

'बुलिट'मध्ये दिसते ती हीच का?

नाही. त्या चित्रपटात मॅकक्वीन सान फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर फोर्ड मस्टँग पळवतो. संबंध इतकाच की त्या चित्रपटाचं काम चालू असताना ही फेरारी त्याच्या ताब्यात आली.

मूळ रंग कोणता होता?

नोच्चोला. इटालियनमध्ये नोच्चोला म्हणजे हेझलनट. तपकिरीकडे झुकणारा, सोनेरी झाक असलेला रंग. कारखान्यातून गाडी या रंगात बाहेर पडली.

मॅकक्वीनला तो ठेवायचा नव्हता. लॉस एंजलिसमध्ये हौशी लोकांच्या गाड्या रंगवण्यात नाव कमावलेल्या एका रंगाऱ्याकडे त्यानं ती दिली आणि खोल, वाइनकडे झुकणारा लाल रंग करून घेतला. टस्कनीतल्या कियांती वाइनवरून त्याला कियांती लाल म्हणतात. फेरारीच्या रंगपट्टीतला नेहमीचा शर्यतीचा लाल तो नव्हेच. हवी ती छटा मिळेपर्यंत मॅकक्वीननं पुन्हा पुन्हा नमुने करायला लावले. त्याशिवाय बोर्रानीची तारांची चाकं आली आणि नार्ट स्पायडरच्या धाटणीचा बाहेरचा आरसा बसला. म्हणजे गाडी नवी असतानाच, पहिल्याच मालकानं तिला कारखान्याच्या रूपापासून वेगळं केलं. पुढचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

मॅकक्वीननंतर ती कोणाकडे गेली?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती गाय विल्यम्स या नटाकडे गेली. पन्नासच्या दशकात दूरचित्रवाणीवर झोरो रंगवणारा तो हाच. काही वर्षांनी त्यानंही विकली आणि गाडी कॅलिफोर्नियातल्या हौशी मालकांच्या हातांतून फिरत राहिली. तेव्हा १०-१२ वर्षांची फेरारी म्हणजे जुनी, खर्चिक गाडी. आज तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं जातं, ती नजर तेव्हा कोणाकडेच नव्हती. मॅकक्वीनचं १९८०मध्ये निधन झालं, पण त्याच्या वस्तूंना सोन्याचा भाव यायला अजून अवकाश होता.

टप कोणी कापला आणि का?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या वेळच्या मालकानं गाडी रिचर्ड स्ट्रामन यांच्याकडे दिली. दक्षिण कॅलिफोर्नियातली ही कार्यशाळा बंद गाड्या उघड्या करण्यासाठी प्रसिद्ध होती. त्यांनी टप काढून १०६२१ला नार्ट स्पायडरचं रूप दिलं.

हे वाचून आज अनेकांच्या जिवाला चटका बसतो. माझ्याही बसतो. पण तो काळ समजून घ्यायला हवा. खऱ्या नार्ट स्पायडर दहाच होत्या आणि कोणी हातची सोडत नव्हतं. ज्याला उघडी २७५ चालवायची होती त्याच्यापुढे एकच रस्ता होता: बंद गाडी घ्यायची आणि कापायची. फेरारीच्या डेटोना मॉडेलचंही असंच झालं. कारखान्यानं स्पायडर सव्वाशेच्याही आतच केल्या आणि नंतर बऱ्याच बंद डेटोना कापल्या गेल्या. कापणारे लोक अडाणी नव्हते. स्ट्रामन यांचं काम त्या धंद्यात अव्वल मानलं जाई, आणि मालकानं त्यासाठी चांगले पैसे मोजले होते. त्याच्या दृष्टीनं तो गाडीची किंमत वाढवत होता, आणि त्या दिवशीच्या बाजारात त्याचं गणित बरोबरही होतं.

राहून राहून एकच गोष्ट सलते. मॅकक्वीनची खरी उघडी गाडी मार खाऊन गेली म्हणून त्यानं ही बंद घेतली, आणि त्याच्यामागे तिच्यावरच उघडेपणा लादला गेला.

टप कापल्यानं गाडीला नेमकं काय होतं?

२७५ला नळ्यांची स्वतंत्र चासी आहे, त्यामुळे टप काढला म्हणून गाडी लगेच मधून वाकत नाही. पण टपाचा पत्रा, पुढच्या काचेची चौकट आणि मागचे रुंद खांब मिळून वरच्या बाजूनं गाडीला ताठ धरतात. ते गेलं की खड्ड्यावरून जाताना दारं चौकटीत हलतात, काचेची चौकट थरथरते, स्टिअरिंगमध्ये कंप जाणवतो. म्हणून असं काम करणारे खालच्या पट्ट्यांत आणि फरशीत जास्तीचं लोखंड घालून ताठपणा परत आणतात. परत बंद गाडी करायची म्हणजे नुसता टप लावून भागत नाही, हे जोडकामही शोधून काढावं लागतं.

दिसण्यातला तोटा वेगळाच. २७५ बेर्लिनेत्ताचं सौंदर्य त्या मागच्या उतारात आहे. टप काचेवरून निघतो तो न अडखळता शेपटीपर्यंत घसरत जातो, आणि खांबावर हवा बाहेर पडायला फटी आहेत. पुढच्या मडगार्डवरही तशाच फटी आहेत. या दोन्ही जोड्या एकमेकींना साद देतात. टप गेला की ही साद संपते.

मग नार्ट स्पायडर आणि कापलेली २७५ यांत फरक काय? दोन्ही उघड्याच ना?

कारखान्यानं ज्या दिवशी गाडी जन्माला घातली त्या दिवशी ती काय होती, हा फरक. ऑगस्ट २०१३मध्ये एक खरी नार्ट स्पायडर, क्रमांक १०७०९, कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या लिलावात २ कोटी ७५ लाख डॉलरला गेली. एकाच कुटुंबाकडे ती पहिल्यापासून होती आणि लिलावाची रक्कम दानधर्मासाठी ठेवली होती. कापून केलेली गाडी तिच्या शेजारी उभी केली तर लांबून ओळखू येणार नाही, पण बाजार तिला बंद गाडीपेक्षाही कमी लेखतो. ऐंशीच्या दशकात किंमत वाढवायला केलेली गोष्ट पुढे किंमत पाडणारी ठरली.

पुन्हा बंद करायचं कोणाच्या मनात आलं?

काही काळ ही गाडी व्हर्न शुप्पन यांच्याकडे होती. ते ऑस्ट्रेलियन शर्यतपटू. १९८३ साली पोर्शा ९५६मधून ल मॉ जिंकणाऱ्या तिघांपैकी एक. गाडीला तिचं मूळ रूप द्यावं हा विचार त्यांच्या काळात पुढे आला. त्यांच्याकडून ती ज्या मालकानं घेतली त्यानं तो प्रत्यक्षात आणला. त्यानं गाडी सरळ मारानेल्लोला, फेरारीच्या स्वतःच्या क्लासिके विभागात पाठवली.

फेरारी क्लासिके म्हणजे काय?

फेरारीचा जुन्या गाड्यांचा विभाग. २००६ सालापासून मारानेल्लोच्या आवारातल्या जुन्या ओतशाळेच्या जागी त्याची कार्यशाळा आहे. वीस वर्षांवरच्या फेरारी इथे तपासल्या जातात. तपासणीचा पाया म्हणजे कारखान्याचं दप्तर. प्रत्येक गाडी जोडताना भरलेले कागद तिथे जपून ठेवले आहेत: कोणत्या चासीत कोणत्या क्रमांकाचं इंजिन बसलं, कोणता गिअरबॉक्स, कोणता मागचा अॅक्सल, रंग कोणता, आतलं कातडं कोणतं. समोरची गाडी या कागदांशी ताडून पाहतात आणि एक समिती निर्णय देते. उत्तीर्ण झालेल्या गाडीला लाल बांधणीचं पुस्तक मिळतं. जाणकार त्याला नुसतं 'रेड बुक' म्हणतात.

आपल्याकडे जुन्या वाड्याची दुरुस्ती काढली की मूळ नकाशा मिळत नाही, मग जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांवर काम भागवावं लागतं. मारानेल्लोत नकाशा कपाटात आहे. ज्यानं कधी जुन्या वस्तूची डागडुजी केली आहे त्यालाच या कपाटाची किंमत कळेल.

टप नव्यानं कसा तयार करतात?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

स्कालिएत्तींकडे साठच्या दशकात मोठे साचे आणि दाबयंत्रं वापरून गाड्या छापल्या जात नव्हत्या. पत्रा हातानं ठोकून आकाराला आणत, तुकडे जोडत, जोड घासून एकसारखे करत. २७५ जीटीबी/४चं अंग बहुतेक पोलादी पत्र्याचं. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं. हातकाम असल्यामुळे एका गाडीचा टप दुसरीला तंतोतंत बसत नाही. एकाच गाडीची डावी आणि उजवी बाजू मोजली तरी काही मिलिमीटरचा फरक सापडतो. ते दोष नाहीत, कारागिराच्या हाताची ती खूण आहे.

त्यामुळे दुसऱ्या गाडीचा टप आणून वेल्डिंग केला की झालं, असं होत नाही. टप १०६२१साठी, तिच्याच अंगावर बेतून करावा लागतो. आधी स्पायडर करताना घातलेला भाग काढायचा. मग खालचं धड सरळ आहे का, चासी कुठे ताणली गेली आहे का, हे मोजायचं. मग काचेच्या चौकटीपासून शेपटीपर्यंतची रेषा पक्की करायची. पुढची आणि मागची काच, दोन्ही दारांच्या काचा, या चारही गोष्टी टपाला एकाच वेळी पटल्या पाहिजेत. मागचा उतार एखादं बोट जरी जाड झाला तरी सगळी गाडी बसकी दिसते. हे काम पोलादी पट्टीनं मोजून संपत नाही. शेवटी तळहात फिरवूनच ठरवावं लागतं.

कोल्हापुरात माझ्या मामांचं गॅरेज होतं. तिथले डेंटर काका दुरुस्त केलेल्या गाडीवर बोटाच्या पेरानं टकटक करत जायचे आणि आवाजावरून सांगायचे, इथे पुट्टी आहे, इथे पत्रा बदललाय, इथे मूळ आहे. डोळे मिटून सांगायचे. मारानेल्लोचा कारागीर आणि आमचे काका यांच्या पगारात आकाश-पाताळाचं अंतर असेल, पण दोघांच्या तळहातात एकच विद्या आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

काम २०१३मध्ये पूर्ण झालं. गाडी पुन्हा बेर्लिनेत्ता झाली.

मूळ रूप द्यायचं होतं तर नोच्चोला रंग का दिला नाही?

अगदी योग्य प्रश्न. कारखान्याच्या दप्तरात नोच्चोला लिहिलंय, गाडी बाहेर पडली नोच्चोलात. मग काटेकोरपणे पाहिलं तर कियांती लाल हा फेरफार आहे, जसा कापलेला टप हा फेरफार आहे. एक फेरफार पुसला आणि दुसरा जपला, हे कसं?

माझं मत सांगतो. जुन्या वस्तूला मूळ रूप द्यायचं म्हणजे तिच्या आयुष्यातला कुठला दिवस परत आणायचा, हे आधी ठरवायचं. १०६२१च्या बाबतीत चार दिवस समोर होते. पहिला, ती मारानेल्लोतून निघाली तो. दुसरा, रंगाऱ्याकडून निघून मॅकक्वीनच्या दारात उभी राहिली तो. तिसरा, स्ट्रामन यांच्या कार्यशाळेतून उघडी होऊन बाहेर आली तो. आणि चौथा म्हणजे आजचा, आहे तशी. मालकानं दुसरा निवडला: कियांती लाल, बोर्रानीची चाकं, तो आरसा, सगळं.

मला हे बरोबर वाटतं, आणि त्याचं कारण मॅकक्वीनची कीर्ती हे नाही. गाडी नवी असताना तिच्या पहिल्या मालकानं, ती रोज चालवणाऱ्या माणसानं, पुन्हा पुन्हा नमुने पाहून तो रंग ठरवला होता. त्या रंगामागे निवड आहे, प्रेम आहे. ऐंशीच्या दशकातल्या मालकाचंही गाडीवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्याला हवी होती दुसरीच गाडी, नार्ट स्पायडर. १०६२१ला त्यानं तिची नक्कल करायला लावली. मॅकक्वीननं हिला हीच राहू दिलं आणि सजवलं. नोच्चोला रंगातल्या दुसऱ्या २७५ जगात असतील. मॅकक्वीनच्या लाल रंगातली ही एकच.

ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणंही मी ऐकून घेतो. कारखान्याचा कागद हाच एक भक्कम पुरावा आहे. तो सोडला की 'मालकाची आवड' या नावाखाली काहीही खपवता येईल, असं ते म्हणतात. या धोक्यावर उपाय एकच आहे आणि तो पुढच्या उत्तरात आहे.

टप एकविसाव्या शतकातला, मग ही गाडी खरी कशी म्हणायची?

चासी खरी, इंजिन खरं, गिअरबॉक्स खरा, टप नवा. एवढं एका वाक्यात स्पष्ट सांगितलं की फसवणूक उरत नाही. टप कोणी कापला, तो कुठे पुन्हा तयार झाला, हे लिलावाच्या वेळी उघडपणे सांगितलं गेलं होतं. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घेतली. लाल पुस्तकाचा खरा उपयोग इथे आहे.

ज्या गाड्यांत मधली पंधरा-वीस वर्षं कागदांतून गायब असतात, त्यांच्याविषयी मला जास्त काळजी वाटते. तिथे टप मूळचा असूनही माणूस निर्धास्त होत नाही.

लिलावात किती किंमत आली?

१६ ऑगस्ट २०१४ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरी इथे आरएम ऑक्शन्सच्या लिलावात १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलर. त्या वेळच्या दरानं सुमारे ६२ कोटी रुपये. त्या काळात चांगल्या स्थितीतली दुसरी २७५ जीटीबी/४ तीस लाख डॉलरच्या आसपास मिळत होती. म्हणजे वरचे सत्तर लाख त्या माणसाच्या नावाचे आणि त्या नावापर्यंत नीट पोचणाऱ्या कागदांचे. नार्ट स्पायडरच्या आकड्याच्या मानानं मात्र हे निम्म्याहूनही कमी आहे.

इंजिनाविषयी सांगा. चालवायला आणि सांभाळायला कशी?

जोआक्किनो कोलंबो यांनी फेरारीच्या पहिल्या गाड्यांसाठी आखलेल्या व्ही-१२ इंजिनाचं हे पुढचं रूप. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांत ६० अंशांचा कोन, साखळीवर फिरणारे चार कॅमशाफ्ट, वेबरचे दुहेरी नळीचे सहा कार्बोरेटर. आठवड्यातून एकदा स्कूटरचा एक कार्बोरेटर जुळवताना आपला जीव मेटाकुटीला येतो. इथे बारा नळ्या एका श्वासात ओढायला हव्यात. त्या जुळल्या की आवाज असा एकसंध होतो की बारा सिलिंडर मोजूच येत नाहीत.

ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठत नाही. ते वेगळ्या टाकीत राहतं आणि पंपानं फिरतं, त्यामुळे जोरदार वळणावर ऑइल एका बाजूला जाऊन बेअरिंग कोरडी पडत नाहीत. गिअरबॉक्स मागच्या अॅक्सलला जोडलेला, पाच गिअरचा. इंजिन आणि गिअरबॉक्स एका जाड नळीनं एकमेकांना बांधलेले. २७५ ही फेरारीची रस्त्यावरची पहिली गाडी, जिचा गिअरबॉक्स मागे होता आणि मागची दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र उचलायची. वजन पुढे-मागे नीट वाटलं जातं ते यामुळे. सकाळी थंड असताना दुसरा गिअर जोर करून घालू नये, ऑइल तापेपर्यंत थांबावं, हे या गाड्यांच्या प्रत्येक मालकाला पहिल्या आठवड्यात शिकावं लागतं.

अशी जीर्णोद्धार केलेली गाडी भारतात विंटेज म्हणून नोंदवता येईल का?

भारताच्या मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्यानं वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांनीच रस्त्यावर आणायची.

त्याच नियमात एक अट आहे: वाहन मूळ रूपात राखलेलं असावं, चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १०६२१सारख्या गाडीची कसोटी इथेच लागेल. १९९०मध्ये ती उघडी असताना या अटीत बसलीच नसती. आज बसते का? टपाचा पत्रा नवा आहे, पण आकार १९६७चा आणि त्याला कारखान्याची साक्ष आहे. माझ्या मते बसावी. 'मूळ रूप' म्हणजे मूळ पत्रा की मूळ आकार, हे मात्र नियमात आणखी स्पष्ट व्हायला हवं. लोखंडाला गंज चढतो, आणि आपल्या किनारपट्टीच्या हवेत तर फारच लवकर. मूळ पत्राच हवा असं धरलं तर मुंबई-गोव्यातली क्वचितच एखादी गाडी टिकेल.

माझ्याकडे फेरारी नाही, आजोबांची फियाट आहे. मला यातून काही घेता येईल का?

नक्कीच. तीही इटालियनच आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली ११०० डिलाइट १९६४पासून रस्त्यावर आहे, तिचंच नाव १९७४मध्ये पद्मिनी झालं. १,०८९ सीसीचं ते इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जितकं ओळखलं तितकं खुद्द तुरिनमध्ये कोणी ओळखलं असेल का, असं मला वाटतं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता उरल्या त्या घराघरांतल्या, सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या.

गाडी डेंटिंग-पेंटिंगला देण्याआधी चासी आणि इंजिनवरच्या क्रमांकांचे स्वच्छ फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. मूळ रंग कोणता होता हे दाराच्या बिजागरीमागे, डिकीच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला नखानं खरवडून बघा. तिथे तो बहुतेक वेळा शाबूत सापडतो. काम चालू असताना दर आठवड्याला फोटो घ्या. पत्रा कापला तर कुठे कापला ते दिसेल असे घ्या. बिलं एका फायलीत लावा, गॅरेजचं नाव आणि तारीख त्यावर असू द्या. आजोबांनी नंतर बसवून घेतलेला रेडिओ, आजीनं शिवलेली सीट कव्हरं, मागच्या काचेवरचा देवस्थानाचा स्टिकर, हे काढायचं की ठेवायचं ते घरच्यांशी बोलून ठरवा. १०६२१च्या मालकापुढे होता तोच प्रश्न आहे तो. आणि मेकॅनिकनं काढून टाकलेला मूळ भाग, मग तो गंजलेला बंपर असो की फुटलेला मागचा दिवा, भंगारात देऊ नका. फडक्यात गुंडाळा, वर चिठ्ठी बांधा आणि माळ्यावर ठेवा.